मशीनच्या पॅनलवरचं जपानी कसं वाचायचं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जुन्या जपानी मशीनवर काम करणारी पोरं बटणं रंगावरून आणि जागेवरून लक्षात ठेवतात. लाल म्हणजे बंद, हिरवं म्हणजे चालू, डावीकडून तिसरं म्हणजे कूलंट, म्हणजे काम थंड ठेवणारं पाणी. मशीन बदललं की सगळं नव्यानं पाठ करायचं. मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स बघतो, आणि आयटीआयमधून येणाऱ्या प्रत्येकाला आधी पॅनल वाचायला शिकवतो. जपानी बोलायला नाही, नुसतं वाचायला. ज्या मशीनमध्ये आपण हात घालतो, तिच्यावर काय लिहिलंय ते आपलं आपल्याला कळलं पाहिजे, याबाबत मी फार हट्टी आहे.

जपानी लिखाणात तीन प्रकारची अक्षरं एकत्र येतात. काताकाना टोकदार, मोजक्या रेघांची. हिरागाना गोल वळणांची. कांजी म्हणजे चिनीतून आलेली दाट, चौकोनी अक्षरं. रोजच्या वापरासाठी तिथल्या सरकारनं ठरवलेल्या यादीत २१३६ कांजी आहेत, हे ऐकूनच पुष्कळ जण माघार घेतात. पॅनलपुरत्या वीस-पंचवीस येत असल्या तरी काम भागतं.

क्लासमध्ये हिरागानापासून सुरुवात करतात. भाषा शिकायची असेल तर ते योग्यच आहे. वस्तूंवरचं वाचायचं असेल तर मात्र काताकाना आधी घ्या. बाहेरच्या भाषांतून आलेले शब्द जपानी लोक काताकानात लिहितात. मोटर, पंप, स्विच, ब्रेक, टँक, फिल्टर हे सगळे त्यातलेच. म्हणजे अक्षर लागलं की अर्थ आपल्याला आधीच माहीत असतो.

यात मराठी माणसाचं एक काम आधीच झालेलं आहे. काताकानाची मूळ अक्षरं ४६, आणि त्यांचा क्रम असा: आधी आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. आपली वर्णमाला मनात म्हणून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. जुळतं ना? जपानमधले बौद्ध भिक्षू सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृत शिकत, तिथून हा क्रम आला. च च्या जागी स आणि प च्या जागी ह दिसतो, कारण ते उच्चार पुढे बदलले. ह ची ओळ पूर्वी प अशीच उच्चारली जायची. म्हणून तक्ता इंग्रजीतून पाठ करू नका. वहीत देवनागरीत ओळी आखा, क ची बाराखडी लिहावी तशा का, कि, कु, के, को, आणि खाली जपानी अक्षर काढा. रेघा बहुतेक वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे ओढायच्या. हा क्रम सोडू नका. पुढे मोबाइलवर बोटानं अक्षर काढून शोधताना तो उपयोगी पडतो.

अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिसल्या की क चा ग होतो, स चा झ, त चा द, ह चा ब. तिथेच बारीक गोल असला तर ह चा प. पंपावरचा शब्द घ्या: तीन अक्षरं, पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या खांद्यावर गोल. पो, न, पु. 'न' सोडून कुठलंही व्यंजन एकटं उभं राहत नाही, त्यामुळे शब्दाच्या शेवटी उ किंवा इ लटकलेला असतो. तो मनातल्या मनात गाळायचा. ल त्यांच्याकडे नाही, तिथे र येतो. ऑइल लिहिताना 'ओइरु', टँक 'तांकु', ब्रेक 'बुरेकी'. मधली आडवी लांब रेघ हे अक्षर नव्हे, ती आधीचा स्वर लांबवते. मोटरमध्ये अशा दोन रेघा असतात, म्हणून तो शब्द सगळ्यात आधी ओळखू येतो. आणि त्सु हे अक्षर बारीक आकारात आलं तर पुढच्या अक्षराचं जोडाक्षर करायचं: स्विच लिहितात 'सुइच्ची'.

घोळ होतो तो शि-त्सु आणि न-सो या जोड्यांत. सगळ्यांत एक लांब तिरकी रेघ आणि एक-दोन छोटे फटकारे. छोटे फटकारे डाव्या कडेला धरून असतील आणि लांब रेघ खालून वर जात असेल तर शि किंवा न. वरच्या कडेला धरून असतील आणि रेघ वरून खाली उतरत असेल तर त्सु किंवा सो. सरावाला मॉलमध्ये युनिक्लो या जपानी कपड्यांच्या दुकानाची पाटी उत्तम आहे: लाल चौकोनात चार पांढरी अक्षरं, वर यु-नि, खाली कु-रो. नि म्हणजे दोन आडव्या रेघा, रो म्हणजे कोरी चौकट.

आता कांजी. त्या एकेकट्या पाठ करू नका, एकीतून दुसरी काढा. 'वर' हे अक्षर असं आहे: तळाला आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ, उभीच्या मध्यावर उजवीकडे छोटी आडवी. त्याच्या डाव्या बाजूला एक आखूड उभी रेघ घाला, झालं 'थांब'. या 'थांब'च्या डोक्यावर आडवी रेघ टाका, की ते 'सुलट' होतं. स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, सुलटा फिरवायच्या बटणावर पहिलं हेच अक्षर असतं. एका रेघेनं थांबणं आणि फिरणं वेगळं होतं, म्हणून हे अक्षर मी पोरांकडून पुन्हा पुन्हा गिरवून घेतो. इमर्जन्सी स्टॉपवर चार कांजी असतात: शेवटची हीच 'थांब', आणि पहिलीत दोन उभ्या रेघा, प्रत्येकीला बाहेरच्या बाजूनं तीन-तीन आडव्या. एवढी दोन टोकं ओळखली तरी ते बटण कुठल्याही मशीनवर सापडतं.

डावीकडे तीन थेंब असलेली अक्षरं बहुतेक पातळ पदार्थांची असतात. तेलाच्या टाकीवर हे थेंब आणि शेजारी खणांची चौकट. घरी सोया सॉसची जपानी बाटली असेल तर तिच्यावरही पुष्कळदा हेच तेलाचं अक्षर शेवटी असतं. सांभाळायचं ते 'ओतणे' या अक्षराला, त्यालाही तीन थेंब आहेत. दोन अक्षरी पट्टीत दोन्हींना थेंब असतील तर 'इथे तेल घाला'. पहिल्यालाच असतील आणि दुसरं दाट, थरांचं असेल तर ती 'सावधान' अशी सूचना. ती दिसली की हात मागे, आणि पुढचं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ऑटो आणि मॅन्युअल या दोन्हींत दुसरं अक्षर एकच असतं, तेव्हा पहिल्याकडे बघायचं. तीन आडव्या रेघांतून एक उभी गेली असेल तर 'हात', म्हणजे मॅन्युअल. उभ्या चौकटीत दोन आडव्या आणि वर एक तिरका फटकारा असेल तर 'स्वतः', म्हणजे ऑटो.

मोबाइलचा कॅमेरा लावून भाषांतर मिळतं, आणि ताळा करायला ते जरूर वापरा. पण ठशाची, तेलकट, घासलेली पट्टी कॅमेऱ्याला नीट लागत नाही, आणि चालत्या मशीनसमोर खिशातून फोन काढायला वेळ नसतो. मराठी स्टिकर लावणार असाल तर जपानी अक्षरांच्या शेजारी लावा, त्यांच्यावर नको.

नेमप्लेटवरचं साल वेगळं लागतं, कारण ते बऱ्याचदा सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. शोवा असेल तर आकड्यात १९२५ मिळवा, हेइसेइ असेल तर १९८८, रेइवा असेल तर २०१८. शोवाचं पहिलं अक्षर डावीकडे, मधे एक आडवी रेघ असलेल्या चौकटीनं सुरू होतं. हेइसेइचं पहिलं अक्षर दोन्ही बाजूंना सारखं: दोन आडव्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन छोटे फटकारे, मधोमध उभी. शोवा ६० म्हणजे १९८५, हेइसेइ ४ म्हणजे १९९२. सेकंडहँड मशीन बघायला जाल तेव्हा रंगरंगोटीकडे नंतर बघा. आधी कापडानं प्लेट पुसा, हे साल काढा, आणि मगच भावाचं बोला.