कोलियर हाइट्समध्ये जुनं घर घेताना

अमेरिकेतल्या अटलांटा शहराचं कोलियर हाइट्स हे कृष्णवर्णीयांनी स्वतः आखलेलं, स्वतः उभारलेलं उपनगर. 2009 साली ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. त्या नोंदीमुळे खासगी मालकावर बंधन येत नाही. शहराने दिलेल्या ऐतिहासिक दर्जामुळे मात्र येतं. म्हणून खिडक्या किंवा दर्शनी भाग बदलण्याआधी शहराच्या अर्बन डिझाइन कमिशनकडे (ऐतिहासिक भागांतल्या बदलांना परवानगी देणाऱ्या मंडळाकडे) अर्ज करा. काम उरकून मग परवानगी मागणं महागात पडतं.

सगळ्यात आधी मालकी तपासा. मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरात सगळे वारस हिस्सेदार असतात. एकाने हिस्सा विकला, तर नवा मालक कोर्टातून वाटणी मागू शकतो आणि अख्खं घर विक्रीला निघू शकतं. असं घर घेताना वकिलाकडून टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि सगळ्या वारसांच्या सह्या, याला पर्याय नाही. घर तुमच्या नावावर झालं की स्वतःचं मृत्युपत्रही लगेच करा.

1978 आधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. नऊ इंची जुन्या फरशा उखडण्याआधी ॲस्बेस्टॉसची (श्वासातून गेल्यास घातक अशा खनिज तंतूंची) तपासणी करा. फरशा धड असतील तर त्यांवरच नवी जमीन घाला.