पुण्यात व्यवसायाची नोंदणी: अर्ज भरण्याआधीची तयारी

नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करण्याआधी एका कागदावर चार उत्तरं लिहून काढा. धंद्याचे मालक कोण कोण असणार? भांडवल कोणाचं किती? उधारी बुडाली किंवा कोणी दावा लावला, तर झळ कोणाच्या घरापर्यंत पोचणार? आणि येत्या दोन-तीन वर्षांत बाहेरच्या माणसाचा पैसा हिस्सा देऊन घ्यायचा आहे का? धंद्याचं कायदेशीर स्वरूप या चार उत्तरांवरून ठरतं. ओळखीतल्या सगळ्यांनी प्रायव्हेट लिमिटेड केली, हे काही कारण नव्हे.

मालक एकच असेल आणि जोखीम थोडी असेल (शिकवणी, शिवणकाम, हिशेबाची कामं), तर प्रोप्रायटरशिप पुरते. तिची अशी वेगळी नोंदणी कायद्यात नाही. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन, आणि नफ्यावर मालकाच्या स्लॅबप्रमाणे कर. पण चालू खातं उघडायला गेलात की बँक धंद्याच्या नावाचे साधारणपणे दोन पुरावे मागते. शॉप अ‍ॅक्टची पावती (दुकाने-आस्थापना कायद्याखालची) आणि उद्यम (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र ही जोडी तिथे कामी येते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी फी मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. भोसरी-चाकणला जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्याच्या मालावर काम) करणाऱ्यांनी तर ती पहिलं बिल काढण्याआधीच करावी. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. काम झाल्यावर नोंदणी केली, तर जुन्या बिलांना हे संरक्षण लागू होतं का, यावर समोरची बाजू हमखास वाद घालते.

प्रोप्रायटरशिपची अडचण पुढे कळते. तिचं थेट एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) रूपांतर करण्याची सोय कायद्यात नाही. नवी संस्था काढून तिला धंदा हस्तांतरित करावा लागतो. मग जीएसटी क्रमांक नवा, बँक खातं नवं, ग्राहकांचे आणि जागेचे करारही नव्याने. दुसरा भागीदार वर्षभरात येणार हे आजच दिसत असेल, तर सुरुवातच भागीदारी किंवा एलएलपीने करा.

भागीदारी १९३२ च्या कायद्याखाली येते. नोंदणी सक्तीची नाही म्हणून बरेच जण नुसतं भागीदारीपत्र नोटरी करून थांबतात. नोटरी म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे. निबंधकाकडे न नोंदवलेली फर्म करारातून येणं असलेल्या पैशासाठी त्रयस्थावर दावा लावू शकत नाही, आणि हे लक्षात येतं ते पैसे अडकल्यावर. पत्रात नफ्याचं प्रमाण, भांडवल, उचल, बँकेत सही कोणाची, कोणी बाहेर पडला तर हिशेब कसा, हे सगळं स्पष्ट लिहा. प्रमाण लिहिलं नाही, तर कायदा नफा समान वाटतो, मग भांडवल एकाने दहा लाख घातलेलं असो आणि दुसऱ्याने एक लाख. भागीदाराचा पगार आणि भांडवलावरचं व्याज पत्रात नमूद नसेल, तर प्राप्तिकरात तो खर्च धरला जात नाही; व्याजाची कमाल मर्यादा १२ टक्के. भागीदार दोनच असतील, तर एकाच्या मृत्यूने फर्म संपते. पत्रात काही लिहून ते टळत नाही, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. मुद्रांकाचंही पाहून घ्या: ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक दस्तांसाठी १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपये झाले, आणि भांडवल मोठं असेल तर शुल्क त्या प्रमाणात वाढतं. संगणकावर पडलेला जुना नमुना आणि त्यावरचा १०० चा उल्लेख तसाच छापू नका.

आमच्या मते दोन-तीन जणांच्या सेवा व्यवसायाला एलएलपी बहुतेक वेळा योग्य बसते. जबाबदारी मर्यादित राहते, आणि उलाढाल ४० लाखांच्या आत व भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत एलएलपी कायद्याखाली ऑडिट लागत नाही. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत करारनामा फॉर्म ३ ने दाखल करायचा असतो. इथे फार चुकतं: प्रमाणपत्र हाती आलं की काम झालं असं वाटतं आणि करारनाम्याचा मसुदा नुसता चर्चेत राहतो. म्हणून मसुदा अर्जाआधीच तयार ठेवा. त्यानंतर दरवर्षी ३० मे पर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८; धंदा शून्य असला तरीही.

बाहेरची गुंतवणूक किंवा कर्मचाऱ्यांना शेअर द्यायचे असतील, तर प्रायव्हेट लिमिटेडच हवी. किमान दोन संचालक, किमान दोन भागधारक, आणि एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला. मालक एकटाच असेल तर वन पर्सन कंपनी निघते. तिला नॉमिनी म्हणून एका व्यक्तीची लेखी संमती लागते. कराचा आकडा पाहून भुलू नका. फर्म आणि एलएलपीला ३० टक्के अधिक सेस, तर कंपनीला २२ टक्क्यांचा पर्याय आहे, अधिभार आणि सेस धरून सुमारे २५.१७, पण नफा लाभांश म्हणून घरी नेलात की भागधारकाला त्यावर पुन्हा कर. शिवाय बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, त्यामुळे त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी कागदावरच राहते.

आता कागद, कारण अर्ज परत येतात ते बहुधा इथेच. पॅन, आधार आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर वाचा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, तिसरीकडे गाळलेलं, असं आपल्याकडे घरोघर आहे. लग्नानंतर आधार बदललं आणि पॅन माहेरच्या नावावर राहिला, असं असेल तर आधी दुरुस्ती करा आणि ती पूर्ण झाल्यावरच डिजिटल सही काढा, नाहीतर सहीतलं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं पडतं. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. संचालकांच्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे बँक स्टेटमेंट किंवा बिल, दोन महिन्यांच्या आतला हवा.

जागेचा पत्ता हा पुण्यातला मोठा अडथळा. पेठेतल्या जुन्या वाड्याचं किंवा कोथरूडच्या फ्लॅटचं महावितरणचं बिल अजून आजोबांच्या नावावर असतं आणि ते हयात नसतात. मग जागा वापरू देण्याच्या ना हरकत पत्रावर सही कोणाची? बिलावर नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा. महापालिकेची मिळकतकराची पावती कोणाच्या नावावर आहे तेही तपासा. जागा भाड्याची असेल, तर लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स करार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात ती नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. बाणेर-बालेवाडीला को-वर्किंगचा पत्ता घेत असाल, तर करार, मालकाचं ना हरकत पत्र आणि बिल तिन्ही मिळतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. जीएसटीची प्रत्यक्ष पाहणी झाली आणि तिथे नावाची पाटीही दिसली नाही, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

नावाचे दोन पर्याय ठरवा आणि दोन्ही कंपनी खात्याच्या पोर्टलवर व ट्रेडमार्कच्या यादीत तपासा. नुसतं 'शिवनेरी' किंवा 'सह्याद्री' घेतलंत, तर मिळतंजुळतं नाव आधीच असण्याची शक्यता फार. कंपनीचं मंजूर नाव २० दिवसच राखून ठेवलं जातं, तेव्हा बाकी कागद तयार नसताना नाव मागू नका. कंपनीचं नाव मिळालं म्हणजे ब्रँडवर हक्क मिळाला असं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा, आणि त्याची फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योगाला माल-सेवांच्या प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००.

जीएसटी कधी घ्यायचा तेही आधीच ठरवा. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख उलाढालीपर्यंत सूट आहे; मात्र परराज्यात माल पाठवायचा असेल तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. व्यवसाय करासाठी मालकाचा वर्षाला २,५०० रुपयांचा पीटीईसी (स्वतःचा कर भरण्याची नोंदणी) वेगळा आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर भरण्यासाठीची पीटीआरसी नोंदणी वेगळी. दुकानाची पाटी करायला टाकताना मराठी देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, आणि प्रकाशित किंवा मोठा फलक असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा परवाना लागतो का ते विचारून घ्या.

कंपनी काढलीत तर प्रमाणपत्राच्या दिवशीच कॅलेंडरवर दोन खुणा करा: ३० दिवसांत पहिली संचालक सभा आणि ऑडिटरची नेमणूक, १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म). या दुसऱ्यासाठी प्रत्येक भागधारकाने आपल्या शेअरचे पैसे स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरलेले दिसावे लागतात. एकाने सगळ्यांच्या वतीने भरले किंवा रोख भरणा केला, की स्टेटमेंट जोडताना खुलासे देत बसावं लागतं. तो फॉर्म दाखल होईपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, म्हणून चालू खातं उघडताच पहिल्या आठवड्यात ही रक्कम भरून टाका.