एका सेलमधलं नाव, फ्लॅट नंबर आणि फोन वेगवेगळ्या कॉलममध्ये कसं काढायचं

सोसायटीची सभासद यादी वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून एक्सेलमध्ये चिकटवली की सगळा मजकूर ए कॉलममध्येच येऊन पडतो. पाटील सुनील रामचंद्र, मग स्वल्पविराम, मग इमारत-फ्लॅट ४-१२, पुन्हा स्वल्पविराम आणि शेवटी ०२० ने सुरू होणारा लँडलाइन. ही यादी फोडायचं बटण एकच आहे, पण ते दाबण्याआधी थोडी साफसफाई हवी.

आधी शीटची एक कॉपी करून ठेवा. मग ए कॉलम निवडून कंट्रोल-एच दाबा. ‘फाइंड’मध्ये स्वल्पविराम आणि एक स्पेस, ‘रिप्लेस’मध्ये नुसता स्वल्पविराम, आणि ‘रिप्लेस ऑल’. हे केलं नाही तर फोडल्यावर प्रत्येक फ्लॅट नंबराच्या पुढे एक अदृश्य स्पेस राहते आणि नंतर व्हीलुकअप (यादीतून शोधून देणारं फंक्शन) लावला की समोर दिसणारा फ्लॅटही सापडत नाही. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात तर वेगळ्याच जातीची स्पेस असते, जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही. ती एक स्पेस सेलमधूनच कॉपी करून ‘फाइंड’मध्ये चिकटवा आणि तिच्या जागी साधी स्पेस भरा, मगच वरची स्वल्पविरामाची अदलाबदल करा.

आता उजवीकडचे पुरेसे कॉलम रिकामे आहेत ना, ते बघा. नसतील तर नवे घाला. उजवीकडे काही असेल तर एक्सेल ‘रिप्लेस करू का’ असं विचारतं, आणि घाईत ‘ओके’ दाबलं की तिथला हिशेब गेला.

कॉलम निवडा (एका वेळी एकच चालतो), ‘डेटा’ टॅबवर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’. पहिल्या पायरीवर ‘डिलिमिटेड’. दुसऱ्या पायरीवर फक्त ‘कॉमा’. इथेच ‘स्पेस’वरही टिक केली तर नावाचे तीन तुकडे पडतात, आणि कुणाचं नाव दोन शब्दांचं असेल तर त्याचा फ्लॅट नंबर नावाच्या कॉलममध्ये सरकतो. लागोपाठचे डिलिमिटर (तुकडे पाडणारी खूण, इथे स्वल्पविराम) एकच धरण्याचा पर्याय, म्हणजे ‘ट्रीट कन्सेक्युटिव्ह डिलिमिटर्स अॅज वन’, स्वल्पविरामाच्या फेरीत बंद ठेवा. एखाद्याचा फ्लॅट नंबर लिहायचा राहिला असेल तर तिथे दोन स्वल्पविराम लागोपाठ असतात. ते एक धरले की त्याचा फोन फ्लॅटच्या कॉलममध्ये जाऊन बसतो.

तिसरी पायरी बहुतेक जण न बघता ‘फिनिश’ करतात. नुकसान होतं ते इथे. ‘जनरल’ ठेवलं की ४-१२ ची तारीख होते, ४ डिसेंबर. गट नंबर १२/३ असेल तर १२ मार्च. ०२० चं पुढचं शून्य गळतं. १६ आकड्यांचा खाते क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ च आकडे धरून ठेवतं. म्हणून खालच्या प्रीव्ह्यूमध्ये फ्लॅट आणि फोनच्या कॉलमवर एकेक करून क्लिक करा आणि दोन्हींना ‘टेक्स्ट’ द्या. तारीख होऊन गेल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, पाच आकडी संख्या हाती येते. तेव्हा कंट्रोल-झेड करून पुन्हा पहिल्यापासून.

आता नाव. आपल्या याद्यांत आडनाव आधी असतं हे बरंच, पण ‘राजे भोसले’सारखी दोन शब्दांची आडनावं आणि मध्येच आलेले ‘सौ.’, ‘डॉ.’ गोंधळ घालतात. म्हणून फोडण्याआधी शेजारी एक रिकामा कॉलम घालून त्यात स्पेस मोजा. (फंक्शनची आणि सेलची नावं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत, शीटमध्ये ते सगळं इंग्रजीत टाइप करायचं.)

=लेन(ट्रिम(ए२))-लेन(सब्स्टिट्यूट(ए२," ",""))

उत्तर २ आलं तर नाव तीन शब्दांचं. बाकीच्या ओळी फिल्टर लावून हाताने नीट करा, दीडशे सभासदांत त्या फार नसतात. मग मोजणीचा कॉलम काढून टाका, नावाच्या उजवीकडे दोन रिकामे कॉलम घाला आणि तीच कृती ‘स्पेस’ लावून करा. या फेरीत मात्र लागोपाठचे डिलिमिटर एक धरण्यावर टिक हवीच.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असेल तर मूळ यादीवर थेट =टेक्स्टस्प्लिट(ए२,",") चालतं. ते सगळं टेक्स्ट म्हणूनच देतं, त्यामुळे ४-१२ तसंच राहतं. उजवीकडे जागा नसेल तर स्पिलची एरर येते, एवढंच. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये कंट्रोल-ई आहे: एक-दोन ओळी स्वतः भरून दाखवायच्या, बाकीच्या ते अंदाजाने भरतं. ‘सौ.’ काढायला झकास, पण वेगळ्या घडणीच्या नावांवर खुशाल चुकतं आणि मूळ सेल बदलला तरी आपण होऊन बदलत नाही. गूगल शीट्समध्ये ‘डेटा’खाली ‘स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे, पण त्यात कॉलमचा प्रकार ठरवायची पायरी नाही, त्यामुळे पुढचं शून्य तिथेही सांभाळावं लागतं.

पत्त्यांना स्वल्पविरामाने फोडायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येकाचे स्वल्पविराम वेगळे. पिनकोड शेवटी असेल तर शेवटचे सहा आकडे तेवढे उचला: =राइट(सब्स्टिट्यूट(ए२," ",""),६). आधी स्पेस काढायची, कारण बरेच जण पिन ४११ ०३८ असा तोडून लिहितात.

जुनी यादी कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘ए’ दिसतो तिथे खरा स्वल्पविराम असतो आणि ‘य’च्या जागी अर्धविराम, तेव्हा यादी भलत्याच जागी फुटते.

आणि काम झाल्यावर त्याच एक्सेलमध्ये दुसरा मजकूर चिकटवला की तोही आपोआप फुटलेला दिसेल. बिघाड नव्हे, एक्सेलने शेवटचा डिलिमिटर लक्षात ठेवलेला असतो. कुठल्याही भरलेल्या सेलवर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडून दुसऱ्या पायरीवरच्या टिक काढा आणि ‘फिनिश’ करा, किंवा एक्सेल बंद करून पुन्हा उघडा.