'चॅलेंज व्होट'चा संदेश आणि पडताळणीची रीत

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत व्हॉट्सॲपवर फिरलेला एक संदेश २०२४ मध्ये पुन्हा अवतरला. मतदार यादीत नाव नसल्यास आधार कार्ड दाखवून कलम '४९ ए'नुसार 'चॅलेंज व्होट' मागावे, आपल्या नावावर कोणी आधीच मत दिले असल्यास 'टेंडर व्होट' द्यावे आणि टेंडर व्होट १४ टक्क्यांहून अधिक झाल्यास त्या केंद्रावर फेरमतदान होते, असे त्यात म्हटले होते. पडताळणी शिकण्यासाठी हा नमुना फार उपयोगी आहे.

असा संदेश आल्यावर तो खरा की खोटा, हे एका दमात ठरवू नये. त्यातील दावे सुटे करून प्रत्येक दावा मूळ नियमाशी ताडून पाहावा. येथे तो नियम म्हणजे निवडणूक संचालन नियम, १९६१. त्यातील '४९ ए' मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. 'चॅलेंज'ची तरतूद '४९ जे'मध्ये आहे, पण ती नेमकी उलट आहे : मतदान प्रतिनिधी (केंद्रावर बसलेला उमेदवाराचा माणूस) दोन रुपये अनामत भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतो. यादीत नसलेल्याला तिच्यामुळे मताचा हक्क मिळत नाही. टेंडर व्होटचा दावा मात्र खरा आहे. '४९ पी'नुसार, ओळखीची खात्री पटल्यास, अशा मतदाराला कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. १४ टक्क्यांचा उल्लेख नियमांत कोठेही नाही. (नेमका आकडा दिसला की वाचकाची शंका विरते; वास्तविक तेथेच ती अधिक तीव्र व्हावी.)

मग या खोटेपणाने कोणाचे काय बिघडते, हेही पाहावे. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव समाविष्ट होत नाही. त्यामुळे संदेशावर विसंबून निर्धास्त राहिलेला मतदार केंद्रावरून मत न देताच परततो. त्याने १९५० या मदत क्रमांकावर किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर नाव आधीच तपासून, नसल्यास नमुना ६ (नाव नोंदवण्याचा अर्ज) भरणे आवश्यक होते.

दुरुस्ती कळवताना 'हे खरे आहे का?' असे लिहून मूळ संदेश पुढे पाठवू नये, कारण वाचणारे प्रश्न विसरतात आणि संदेश लक्षात ठेवतात. ज्या गटात तो आला तेथेच, नियमाच्या क्रमांकासह उत्तर द्यावे. पाठवणारे वडीलधारे असल्यास सुरुवात खऱ्या भागापासून करावी : "काका, टेंडर व्होटचे आपण म्हणता ते बरोबर आहे, पण यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आपले नाव आजच पाहून घेऊ या का?"