नाईल क्रूझ: केबिन पूर्वेकडचीच मागा

इजिप्तमध्ये नाईलवरच्या लक्सर-आस्वान पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पश्चिमेकडची केबिन दुपारी तीननंतर इतकी तापते की एसीही पुरा पडत नाही. खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसतो. मग पडदे ओढून बसावं लागतं आणि नदी दिसतच नाही.

म्हणून पूर्वेची बाजू मागा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते; आस्वान दक्षिणेला, लक्सर उत्तरेला. त्यामुळे हिशेब असा:

१. लक्सरहून आस्वानला जाताना डाव्या हाताची केबिन.
२. आस्वानहून लक्सरला येताना उजव्या हाताची.

हे बुकिंग करतानाच लेखी कळवा, ग्रुप टूर असली तरीही. बोटीवर चढल्यावर खोली बदलून मिळणं कठीण.

मजला शक्यतो मधला घ्या. सगळ्यात वरच्या केबिनच्या डोक्यावर उघडा सनडेक दिवसभर तापत असतो, आणि तळमजल्यावर मागच्या टोकाला इंजिन-जनरेटरची घरघर झोपू देत नाही.

मात्र धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात. तेव्हा कुठल्याही बाजूला समोर दुसरी बोट येऊ शकते. डिझेलचा धूर आत येऊ नये म्हणून त्या वेळी खिडकी घट्ट बंद ठेवा.