गावाच्या सामूहिक वनहक्काचा दावा कसा उभा करावा

जंगलावरचे लोकांचे पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायला निघालेले गाव पहिल्याच बैठकीत एका प्रश्नावर अडते: पिढ्यान्पिढ्या ज्या जंगलात मोहफूल वेचले, गुरे चारली आणि बांबू तोडला, त्याचा कागद आता आणायचा कुठून? या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या दफ्तरांनी गावाकडून जंगल काढून घेतले त्याच दफ्तरांत गावाच्या वहिवाटीची नोंद सापडते, आणि म्हणून दाव्याची तयारी तिथूनच सुरू करावी.

त्यासाठी जंगल सरकारजमा कसे झाले, हे थोडे माहीत असावे लागते. 1853 मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढे लोहमार्ग देशभर पसरू लागले, तशी स्लीपरसाठी सागवानासारख्या टिकाऊ लाकडाची मागणी प्रचंड वाढली. 1864 मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखाते उभे राहिले, 1865 मध्ये पहिला वन कायदा आला आणि 1878 च्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन अशी जंगलांची विभागणी केली. मात्र जंगल राखीव ठरवण्यापूर्वी तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करण्याचे बंधन याच कायद्याने सरकारवर घातले आणि 1927 च्या कायद्याने ते कायम ठेवले. चौकशी बहुतेक ठिकाणी लोकांच्या विरोधात गेली असली, तरी मान्य केलेल्या हक्कांची नोंद करताना गुरे किती, ती कोणत्या मोसमात चरतील आणि लाकूडफाटा किती घेता येईल, हे चौकशी करणाऱ्या वन जमाबंदी अधिकाऱ्याला लिहावे लागे. सवलत म्हणून उपकाराच्या भाषेत लिहिलेली ही नोंद आज वहिवाटीचा उत्तम पुरावा ठरते.

पूर्व विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या जंगलावरील गरजांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-वहिवाटींची नोंद) हे कागद आधी शोधावेत. मालगुजारी आणि जमीनदारी 1950 च्या कायद्याने संपली, तरी जळण, चराई, घरबांधणीचे लाकूड या गावाच्या गरजा निस्तार म्हणून नोंदल्या गेल्या, आणि वनहक्क कायद्याच्या नियमांनी सामूहिक हक्काच्या पुराव्यांत निस्ताराचा उल्लेख नावानिशी केलेला आहे. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात जमाबंदीचे अहवाल, गॅझेटियर आणि जुने गावनकाशे पाहावेत. न्यायालयीन कागदही पुरावा म्हणून चालतात. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तशा आंदोलनांच्या खटल्यांत कोणत्या गावचे लोक कोणत्या जंगलात शिरले याची नोंद मिळू शकते. वनखात्याची कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा) मागण्यास कचरू नये, आणि आजोबांनी जपून ठेवलेली चराईच्या दंडाची पावती कोणाच्या घरी असेल तर तीही फाइलीला लावावी, कारण ज्या जंगलात दंड झाला त्या जंगलाचा वापर होत होता हे ती पावतीच सांगते.

कागद शोधण्याचे काम चालू असतानाच ग्रामसभेचे काम नीट करून घ्यावे. येथे ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची एकत्रित सभा नव्हे, तर ज्या गावाचा किंवा पाड्याचा दावा आहे त्या वस्तीची सभा होय; ही चूक झाली तर पुढचे सगळे कागद कच्चे ठरतात. 2012 च्या सुधारित नियमांनुसार निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. हीच सभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते. तीत किमान दोनतृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एकतृतीयांश महिला असतात. हजेरीच्या सह्या-अंगठे त्याच दिवशी, ठरावाच्या खालीच घ्यावेत.

खरे कष्टाचे काम शिवफेरीचे आहे. कायद्याने मागितलेली सीमा ही गावाची पारंपरिक सीमा आहे. ती महसुली शिवाशी जुळेलच असे नाही आणि ती राखीव वनात किंवा अभयारण्यातही जाऊ शकते. म्हणून वडीलधाऱ्यांना, गुराख्यांना आणि मोह-तेंदूसाठी रोज जंगलात जाणाऱ्या बायकांना घेऊन संपूर्ण सीमा पायी फिरावी. एका गावी असेच फिरताना वनखात्याच्या मुनाऱ्यापाशी, म्हणजे हद्दीच्या खांबापाशी, पुरुषमंडळी थांबली आणि हद्द इथे संपली असे सांगू लागली, तेव्हा मागून आलेली एक म्हातारी न थांबता पुढे चालत राहिली. नाल्याच्या काठी वाकलेल्या एका मोहाला हात लावून ती म्हणाली, “याचे फूल आमचे, नाल्यापल्याडचे त्यांचे.” नकाशावर ती हद्द कुठेच नव्हती, पण पलीकडच्या गावानेही तीच सांगितली. अशा प्रत्येक खुणेचे नाव, जीपीएस नोंद आणि छायाचित्र घ्यावे. देवस्थान, दहन-दफनभूमी, झरा, जुना बांध, कंदमुळांची जागा, मासे धरण्याचा डोह या खुणा सजावटीसाठी टिपायच्या नसतात. नियमांनी त्यांना पुराव्याचा दर्जा दिलेला आहे.

शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर तो लपवून दावा पुढे रेटू नये. दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तोडगा लेखी करावा. तो निघालाच नाही तर प्रश्न दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे जातो. दोन गावांनी एकाच जंगलाचा वापर करणे यात वावगे काहीच नाही, फक्त तो कोणत्या हंगामात आणि कशासाठी होतो हे स्पष्ट लिहिलेले असावे. ठरावीक महिन्यांत येणाऱ्या धनगरांसारख्या भटक्या पशुपालकांचे हक्कही कायद्याने मानलेले आहेत, आणि त्यांना विसरणारी गावे मी पाहिली आहेत.

यानंतर अर्ज भरावा. सामूहिक वनसंसाधनासाठीचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक सीमेतील जंगलासाठीचा, स्वतंत्र नमुना 2012 पासून आहे. निस्तार व गौण वनोपजाच्या (मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू अशा लाकडाव्यतिरिक्त वनोपजाच्या) हक्कांचा नमुना वेगळा असून दोन्ही भरणे शहाणपणाचे असते. सोबत नकाशा, चतुःसीमा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि किमान दोन प्रकारचे पुरावे जोडावेत. स्थळपाहणीची सूचना वन व महसूल विभागाला लेखी देऊन पोच घ्यावी. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने सही, तारीख, हुद्दा आणि अभिप्राय लिहिणे अपेक्षित आहे. पाहणीनंतर ग्रामसभा ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे पाठवते आणि अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. अमुकच कागद हवा असा हट्ट या समित्यांना धरता येत नाही. दावा फेटाळल्यास कारणे लेखी मागावीत, कारण उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाण्यासाठी 60 दिवसांची मुदत मिळते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारलेच तर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण द्यावे. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू वाहून नेण्याचा परवाना हाती यायला 2011 उजाडले, कारण बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असूनही खाते त्याला लाकूड मानत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच थांबवले, कारण नव्या पालवीसाठी झुडपे छाटावी लागतात आणि जंगलाला आग लावली जाते. हातात येणारा रोख पैसा सोडणारा हा निर्णय कोणत्याही खात्याच्या आदेशाविना झाला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हक्कपत्र हाती आले की ते फ्रेम करून भिंतीवर टांगण्याआधी ओळ न् ओळ वाचावे. नाव ग्रामसभेचे आहे ना, क्षेत्र आणि कक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागांचे क्रमांक) दाव्याशी जुळतात ना, कायद्यात नसलेली अट कोणी घुसडली आहे का, हे पाहून तफावत लगेच लेखी कळवावी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अंतिम नकाशा तयार करून महसूल व वन विभागाने त्याची नोंद आपल्या अभिलेखांत घेणे बंधनकारक आहे. मुदत संपताच तलाठी कार्यालयात आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन त्या नोंदीची नक्कल मागावी.