डेटाबेसमध्ये संदर्भ सापडत नाहीत? या चुका टाळा

इतिहासाची एक विद्यार्थिनी परवा ग्रंथालयात आली. विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग. जेस्टोर या संशोधनलेखांच्या डेटाबेसवर 'पुणे' आणि 'प्लेग' टाकून दोन दिवस शोधत होती, हाती फारसं लागलं नव्हतं. "यावर कुणी लिहिलंच नसेल," म्हणाली. लिहिलंय, भरपूर लिहिलंय. पण त्या काळच्या इंग्रजीत पुणं 'पूना' आहे आणि मुंबई 'बॉम्बे'. दोन्ही स्पेलिंगं 'ऑर'नं (म्हणजे 'किंवा'नं) जोडली आणि यादी भराभर लांबली.

आजच्या शब्दांनी जुनं शोधणं, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिननं १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्या वेळचं लिखाण मात्र बहुधा 'इनॉक्युलेशन' म्हणतं. तुम्ही नुसतं 'व्हॅक्सिन' शोधलंत तर ते निसटणारच. म्हणून संगणकासमोर बसण्याआधी कागदावर प्रत्येक कल्पनेची जुनी नावं, नवी नावं, वेगवेगळी स्पेलिंगं लिहून काढा. या अर्ध्या तासाची कंजुषी करू नका.

मग कंस. 'पूना ऑर पुणे अँड प्लेग' ही एकच ओळ दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचली जाते. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे तिथे काम भागतं. वेब ऑफ सायन्स हा दुसरा डेटाबेस आधी 'अँड' (म्हणजे 'आणि') सोडवतो. म्हणजे 'पुणे आणि प्लेग' एकत्र, शिवाय 'पूना' असलेलं सगळंच. निकाल हजारोंनी आले की आधी इथे बघा. 'ऑर'चे सगळे शब्द कंसात घाला, म्हणजे कुठेही गडबड होत नाही. आणि हे जोडशब्द मोठ्या रोमन अक्षरांतच लिहा.

शब्द तोडून पुढे तारा (*) लावला की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मिळतात; ही सोय फार कामाची, पण कुठे तोडता ते महत्त्वाचं. पी-एल-ए-जी वर तोडलंत तर प्लेगबरोबर प्लेजियरिझम, म्हणजे वाङ्मयचौर्यही येतं. पबमेडमध्ये आणखी एक खोच आहे: अवतरणचिन्हं किंवा तारा वापरली की समानार्थी विषयशब्द आपोआप जोडण्याचं त्याचं काम थांबतं.

'नॉट' तर शक्यतो नकोच. कॉलरा नको म्हणून 'नॉट कॉलरा' लिहिलंत, तर प्लेगवरचा उत्तम लेखसुद्धा जातो, कारण त्यात कुठेतरी कॉलऱ्याचा एक उल्लेख असतो.

निकाल शून्य आला तर सगळं पुसून नव्यानं सुरुवात करू नका. एकेक अट काढत जा, कुठली आडवी येते ते कळतं. जेस्टोरवर शोध फक्त सारांशापुरता ठेवला असेल तर तो आधी काढा. तिथल्या बहुतेक लेखांना सारांशच नाही. 'मला उघडता येईल तेवढंच' ही अटही काढा. जो लेख उघडत नाही त्याची नोंद घेऊन ग्रंथपालांकडे या, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो.

आणि चाललेला शोध जसाच्या तसा वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा, तारखेसकट. पबमेडवर आठ तास काही केलं नाही की शोधाचा इतिहास पुसला जातो.